उमेदवार 'जन्मतः नागरिक' आहे का? अमेरिकेतला वाद असा तपासा

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष व्हायला घटनेच्या तीन अटी आहेत: जन्मतः नागरिक, वय किमान 35, देशात 14 वर्षं वास्तव्य. भांडण होतं ते पहिलीवर. 'जन्मतः नागरिक' म्हणजे नेमकं कोण, हे घटनेत लिहिलेलंच नाही आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर थेट निकाल दिलेला नाही. बहुतेक जाणकारांचा अर्थ असा: जन्मल्या क्षणी जो कायद्याने नागरिक, तो पात्र; अर्ज-शपथ करून झालेला नागरिक अपात्र. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार (इथे 'श्री' हेच नाव) अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, प्रतिनिधीगृहात बसतात, कारण तिथे 7 वर्षांचं नागरिकत्व पुरतं. राष्ट्राध्यक्ष मात्र होऊ शकत नाहीत.

आधी कागदावर तीन नोंदी करा: जन्मतारीख, जन्मस्थळ, त्या दिवशी आईवडिलांचं नागरिकत्व.

जन्म 50 पैकी एखाद्या राज्यातला असेल तर तपास जवळपास संपला. 1868 ची चौदावी घटनादुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचा 1898 चा वाँग किम आर्क निकाल यांमुळे आईवडील परदेशी असले तरी मूल नागरिकच. परदेशी राजदूतांची मुलं तेवढी अपवाद. कमला हॅरिस 1964 मध्ये ओकलंडला जन्मल्या, म्हणून आई भारताची, वडील जमैकाचे हा आक्षेप टिकला नाही. ओबामांचा जन्म 1961 चा, हवाई राज्य झालं 1959 मध्ये. तिथेही तसंच.

जन्म परदेशातला असला की लोक घसरतात, कारण आजचा नियम लावतात. लावायचा असतो जन्मदिवशीचा. 2016 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागणारे टेड क्रूझ घ्या: 1970, कॅनडातलं कॅलगरी, फक्त आई अमेरिकन. तेव्हाचा नियम असा की लग्नाच्या जोडप्यातला नागरिक पालक मुलाच्या जन्माआधी एकूण 10 वर्षं अमेरिकेत राहिलेला हवा, त्यातली 5 वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची. 14 नोव्हेंबर 1986 पासून हेच आकडे 5 आणि 2 झाले. म्हणजे सहाच वर्षं राहिलेली आई नव्या नियमात बसली असती, 1970 च्या नियमात नाही. क्रूझ यांच्या आईचा जन्म आणि शिक्षण अमेरिकेतलंच, त्यामुळे अडचण आली नाही. 2016 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयाने त्यांना पात्र ठरवलं.

खरा गुंता 2008 चे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅकेन यांचा. जन्म 1936, पनामा कालव्याचा अमेरिकी ताब्यातला पट्टा; तिथल्या मुलांना स्पष्टपणे नागरिक म्हणणारा कायदा आला 1937 मध्ये. 2008 मध्ये सिनेटने ते पात्र असल्याचा ठराव केला, पण ठराव म्हणजे कायदा नव्हे.

आक्षेप घ्यायचाच असेल तर राज्याची मतपत्रिका ठरण्याआधी, तिथल्या निवडणूक अधिकाऱ्याकडे. सामान्य मतदाराचे दावे संघराज्याच्या न्यायालयांत बहुधा मुद्द्यापर्यंत पोचतच नाहीत. 'तुमचं वैयक्तिक नुकसान काय?' इथेच निकालात निघतात.