जेल नेलपॉलिश घरी काढताय? मग या चुका टाळा

लग्नसराई आटोपली की माझ्या पार्लरमध्ये नखं रंगवून घ्यायला कमी आणि दाखवायला जास्त जणी येतात. "ताई, जेल लावलं आणि नखं गेली हो माझी." मी चष्मा चढवते, बोटं दिव्याखाली धरते. दहातल्या नऊ वेळा नखं जेल लावल्याने गेलेली नसतात, काढल्याने गेलेली असतात. कोणी काढलं, असं विचारलं की आवाज बारीक होतो.

घरी काढायला माझी हरकत नाही. गर्दीच्या दिवशी पार्लरमधली नवशिकी मुलगी भराभर काढणार, त्यापेक्षा तुम्ही टीव्हीसमोर बसून सावकाश काढलेलं केव्हाही बरं. पण त्यासाठी पाऊण-एक तास मोकळा लागतो. तो नसेल तर आज काढू नका. जेल कुठे पळून जात नाही.

एवढा वेळ का लागतो, ते आधी समजून घ्या. साधं नेलपॉलिश हवेवर सुकतं, म्हणजे त्यातलं द्रावण उडून जातं, आणि रिमूव्हर लागला की थर परत विरघळतो. जेल असं सुकत नाही. पार्लरमधल्या खास यूव्ही किंवा एलईडी दिव्याखाली त्यातल्या रेणूंची एकमेकांत गुंफण होऊन घट्ट जाळी तयार होते. ही जाळी अ‍ॅसिटोनमध्ये, म्हणजे बऱ्याच रिमूव्हरमध्ये असतं त्या द्रावणात, विरघळत नाही. अ‍ॅसिटोन आत मुरलं की ती फुगते, सुरकुतते आणि नखावरची पकड सोडते. मुरायला वेळ हवा, बाकी काही नाही. व्हिडिओत तीस सेकंदांत निघताना दिसतं, कारण मधली पंधरा मिनिटं कापलेली असतात.

सुटलेला कोपरा ओढणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, आणि सगळ्यात जास्त दिसणारीही हीच.

आमच्या डोंबिवलीची एक मुलगी, ठाण्याला नोकरी करते. लग्नात वाइन रंगाचं जेल लावलं होतं, दोन-अडीच आठवडे छान टिकलं. मग अंगठ्याचा एक कोपरा सुटला. लोकलमध्ये नेमकी खिडकी मिळालेली, मोबाइलची बॅटरी संपलेली, हातांना काहीतरी चाळा हवा. तिने पासाच्या प्लॅस्टिक कव्हराची कड त्या कोपऱ्याखाली सारली आणि अख्खा तुकडा टचकन निघाला. "इतकं मस्त निघत होतं ना ताई, थांबवेचना!" ठाणं येईपर्यंत डावा हात मोकळा. उजव्याचं ऑफिसात झालं, स्टेपलरच्या पिना काढायचा चिमटा असतो ना, त्याने.

माझ्याकडे आली तेव्हा ते तुकडे कागदाच्या पुडीत बांधून आणले होते. मी एक उचलून उलटा केला. वरून चकचकीत वाइन रंग, खालून पांढरट, खरखरीत, पिठासारखा थर.

"हे काय आहे?"

"बेस कोट असेल."

"नाही गं बाई. हे तुझं नख आहे."

नख जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचं असतं, आणि कांद्यासारखे त्यात थरावर थर असतात. जेल वरच्या थराला घट्ट धरून बसतं. तुम्ही जेल ओढता तेव्हा तो थरही सोबत येतो. ते काही भरून येत नाही, कारण नखाचा दिसणारा भाग निर्जीवच असतो. मुळातून नवीन नख येईल आणि जुनं पुढे सरकत कापलं जाईल, एवढाच त्यावर इलाज. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण बदलायला सहा महिने. पायाच्या अंगठ्याला वर्ष-दीड वर्ष.

तिला हे पटलं नाही. रविवारी नणंदेचं डोहाळजेवण होतं आणि तिला त्यावरच नवीन जेल हवं होतं. मी नाही म्हटलं, तर दुसरीकडे जाऊन लावून आली. दिव्यात हात घातल्या घातल्या चटका बसून तिने हात मागे ओढला म्हणे. बसणारच. जेल घट्ट होताना उष्णता सोडतं. चांगल्या जाड नखाला ती जाणवत नाही, सोललेल्या नखाला लगेच झोंबते. शिवाय पातळ नख वाकतं आणि वरचं जेल तितकं वाकत नाही, त्यामुळे ते चार-सहा दिवसांत परत सुटलं. मग पुन्हा माझ्या दारात. खरखरीत झालेल्या नखांत हळद बसून पिवळे डाग पडले होते आणि भांडी घासताना गरम पाणी सोसत नव्हतं. मी नखं आखूड कापली, कडा गोल केल्या, रोज रात्री तेल लावायला सांगितलं आणि वाट बघायला लावली. दिवाळीपर्यंत नखं पूर्ववत झाली. पण तो उन्हाळा आणि पावसाळा तिने मुठी मिटूनच काढला.

कोपरा सुटला तर सुटलेला भाग तेवढाच नेलकटरने कापा आणि कड फाइलने गुळगुळीत करा. मी तर बाहेर असले की बोटाला सरळ बँडेजची पट्टी गुंडाळते. केस अडकत नाहीत आणि दुसऱ्या हाताला चाळाही मिळत नाही. घरी पोचल्यावर पट्टी काढा आणि मग सवडीने बसा.

भलतंच द्रावण

बाटलीवर "अ‍ॅसिटोन-फ्री" लिहिलं असेल तर ती साध्या नेलपॉलिशसाठी ठेवा. जेलवर तासभर चोळलंत तरी रंग जागचा हलणार नाही, कातडी मात्र लाल होईल. क्रॉफर्ड मार्केट, तुळशीबाग, किंवा तुमच्या गावातलं पार्लरचं सामान मिळणारं कुठलंही दुकान, तिथे शुद्ध अ‍ॅसिटोन मिळतं. तेच आणा, लहान बाटली.

हार्डवेअरच्या दुकानातला थिनर आणू नका. तो रंगकामाचा असतो, त्यात टोल्युइनसारखी द्रावणं असतात, आणि स्वस्त पडतो म्हणून बोटं त्यात बुडवायची नसतात. टूथपेस्ट, लिंबू, मीठ घातलेलं गरम पाणी यांनी जेल निघत नाही. दोन मिनिटांत फुगवणाऱ्या "मॅजिक" रिमूव्हरच्या ज्या बाटलीवर घटकच छापलेले नसतात, ती मी दुकानात ठेवत नाही. पुढचं तुम्ही ठरवा.

वरचा कोट न घासता गुंडाळणं

"वीस मिनिटं ठेवलं, काही झालं नाही" या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच. टॉप कोट असतोच मुळी बाहेरचं काही आत जाऊ नये म्हणून. तो फोडल्याशिवाय अ‍ॅसिटोन मुरणार कुठून? १८० ग्रिटची फाइल घ्या (ग्रिट म्हणजे खरखरीतपणाचं माप, आकडा जितका लहान तितकी फाइल खरखरीत), आधी नख हवं तेवढं आखूड करा, मग चमक पूर्ण जाईपर्यंत हलक्या हाताने घासा. कडेला आणि टोकालाही घासा, तिथेच विसरतात. रंगाची भुकटी पडायला लागली की थांबा. नख दिसेपर्यंत घासणं म्हणजे ओरबाडण्याचाच दुसरा प्रकार. ऑनलाइन किटमध्ये १०० ग्रिटची जी खरखरीत फाइल येते, ती कृत्रिम नखांसाठी आहे. ती दूर ठेवा. आणि किटसोबत इलेक्ट्रिक ड्रिल आलं असेल तर ते डब्यातच राहू द्या. शिकलेल्या हातांनाही ते सहज दगा देतं आणि नखावर आडवी खोबण पाडून ठेवतं.

कापूस, फॉइल आणि घाई

बोटाभोवती भलामोठा ओला बोळा बांधतात. मग नख राहतं बाजूला आणि अख्खं बोट पांढरंफटक पडतं. कापसाच्या गोल चकतीचे मी चार तुकडे करते, नखाएवढाच तुकडा लागतो. आधी नखाच्या चारी बाजूंच्या कातडीवर व्हॅसलिनचा जाडसर हात फिरवायचा, नखावर नाही. तुकडा चांगला ओला करून नखावर ठेवायचा आणि डब्यात पोळ्या गुंडाळायच्या फॉइलची पट्टी घट्ट वळायची. वाटीत बोटं बुडवून बसायची पद्धत मला आवडत नाही. अ‍ॅसिटोन उगाच जास्त जातं आणि सगळी कातडी कोरडी पडते.

एका वेळी एकच हात. दोन्ही हात गुंडाळून बसलात की हमखास दाराची बेल वाजते. पंखा बंद, खिडकी उघडी. पंख्याखाली कापूस कोरडा होतो आणि कोरडा कापूस काही काम करत नाही.

दहा-बारा मिनिटं हात लावू नका. मग एकाच बोटाची पट्टी सोडून बघा. जेल सुरकुतून वर आलेलं असेल तर लाकडी ऑरेंज स्टिकने, म्हणजे नखांसाठीच्या चपट्या टोकाच्या काडीने, मुळाकडून टोकाकडे हलकेच सरकवा. जोर लावावा लागला तर ते झालेलं नाही. परत ओलं करून पाच मिनिटं गुंडाळा. ग्लिटरला नेहमीच जास्त वेळ लागतो, त्याच्यावर चिडून उपयोग नाही. सुरी, ब्लेड, कंपासपेटीतलं कर्कटक ही हत्यारं मी खरोखर ऐकलेली आहेत. त्यावर काय बोलणार?

विस्तवाजवळ बसणं

बाकीच्या चुकांनी नखं जातात. या चुकीने घर जाऊ शकतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कोमट अ‍ॅसिटोन लवकर काम करतं, हे खरं आहे. आमच्या ओळखीतल्या एका सूनबाईंनी हे कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं आणि स्टीलच्या वाटीत अ‍ॅसिटोन घेऊन ती वाटी ओट्यावरच गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवली. शेजारच्या बर्नरवर दूध मंद आचेवर. अ‍ॅसिटोनची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून जात नाही, ओट्यावरून सरपटत पसरते. वाटीला कुणी हात लावला नव्हता, काही सांडलं नव्हतं. वाफ बर्नरपाशी पोचली आणि फुस्स करून ज्योत ओट्यावरून वाटीपर्यंत मागे आली. सूनबाई ओरडल्या आणि पाण्याचा तांब्या शोधू लागल्या. सासूबाईंनी शांतपणे पोळ्यांच्या डब्याचं झाकण वाटीवर पालथं घातलं आणि मग सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला. हातावरची लव जळाली, तेवढ्यावर निभावलं. पाणी ओतलं असतं तर पेटतं अ‍ॅसिटोन ओटाभर झालं असतं. त्या घरात आजही जेलचं नाव काढायची सोय नाही.

उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपासही या द्रवाची वाफ पेट घेऊ शकते, मग आपल्या मे महिन्यातल्या स्वयंपाकघराचं काय सांगावं. गॅस, देवघरातलं निरांजन, उदबत्ती, डासांची कॉइल, यांतलं काहीही पेटलेलं असेल तर त्या खोलीत बसू नका. गरम करायची हौस असेल तर फॉइल गुंडाळलेल्या हातावर गरम पाण्यात पिळलेला टॉवेल ठेवा, तेवढी ऊब पुरते. मायक्रोवेव्हचा विचारसुद्धा नको. ओले बोळे खिडकीत सुकवून मग कचऱ्यात टाका.

जाता जाता: थर्मोकोलच्या कपात अ‍ॅसिटोन ओतलं की कपाचं बूड विरघळतं. पॉलिश केलेल्या सागवानी टेबलावर थेंब पडला की तिथे कायमचा पांढरा डाग. आणि ओल्या बोटांनी चष्मा सारखा करू नका, बऱ्याच फ्रेम ज्या अ‍ॅसिटेटच्या असतात त्या अ‍ॅसिटोनने खराब होतात.

काढून झालं की उठून जाणं

हात साबणाने धुवा आणि नखांना, मुळाशी तेल जिरवा. खोबरेल चालतं, बदामाचं चालतं, महागडी बाटली लागत नाही. नखं पांढरी दिसली तर घाबरू नका. तेल लावल्यावर पांढरेपणा गेला तर तो नुसता कोरडेपणा होता. तेलानंतरही ठसठशीत कडा असलेले पांढरे चट्टे दिसले तर तिथला थर निघालेला आहे. ते नख वाढून जाईपर्यंत त्यावर जेल नाही.

"नखांना श्वास घ्यायला मध्ये गॅप द्यावी का?" हेही रोज ऐकते. नख श्वास घेत नाही, त्याला लागतं ते रक्तातून मुळाशी पोचतं. नखं धडधाकट असतील तर लगेच दुसरं जेल लावा. सोललेली असतील तर थांबा.

जेलखाली हिरवट डाग दिसला, बोटांच्या कडांना खाज किंवा पुरळ आलं, किंवा नख खालच्या मांसापासून सुटलंय असं वाटलं, तर वरून रंग चढवून लपवू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. ऑपरेशनची तारीख ठरली असेल तर जेल दोन-चार दिवस आधीच काढा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर नखातून प्रकाश सोडून रक्तातला ऑक्सिजन मोजतं, म्हणून हॉस्पिटलवाले नखं साफ मागतात, आणि आदल्या रात्री अकराला मी पार्लर उघडत नाही.

शेवटचं, एक्स्टेन्शनबद्दल. नख लांब करायला वापरतात त्यातलं हार्ड जेल अ‍ॅसिटोनला दाद देत नाही, ते घासूनच काढावं लागतं आणि ते घरचं काम नाही. लावतानाच पार्लरमध्ये विचारून ठेवा, सोक-ऑफ, म्हणजे अ‍ॅसिटोनने निघणारं, आहे की हार्ड. विचारायचं राहिलं असेल आणि टॉप कोट नीट घासूनही वीस-पंचवीस मिनिटांत एकही सुरकुती दिसली नाही, तर आणखी अ‍ॅसिटोन ओतू नका. हात धुवा आणि जिथे लावलं तिथेच जा.