घरच्या टाकीत क्रेफिश: आधी झाकण, मग बाकी सगळं

फिशटँकच्या दुकानात ‘ब्लू लॉबस्टर’ म्हणून जो निळा, नांग्यावाला प्राणी दाखवतात, तो बहुधा क्रेफिश असतो. शेवंड समुद्रातली, हा गोड्या पाण्यातला. भारतात मूळचा एकही क्रेफिश नाही. इथे मिळतो तो अमेरिकेतल्या लुईझियानाकडचा प्रोकॅम्बारस क्लार्की, त्याच्या निळ्या-पांढऱ्या-नारिंगी छटा, किंवा ऑस्ट्रेलियाचा रेडक्लॉ.

टाकी. एकाला दोन फूट लांबीची, साधारण ६० लिटरची टाकी लागते. तो तळावर चालतो, म्हणून उंचीपेक्षा लांबी-रुंदी बघा. तळाला धुतलेली बारीक खडी टाका. लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा किंवा मातीची कुंडी आडवी ठेवा. शोभेची रोपं लावू नका. तो ती खातो, नाहीतर उपटतो. झाकणात मात्र हयगय नको. हवेची नळी, फिल्टरची वायर, जे हाताला लागेल ते धरून तो रात्री वर चढतो. वायरीभोवतीच्या फटी स्पंजने बुजवा आणि झाकणावर वजन ठेवा.

पाणी. नळाच्या पाण्यातला क्लोरिन अँटीक्लोरिनने घालवा. मग फिल्टर आणि एअरपंप चालू करून टाकी तीन-चार आठवडे तयार होऊ द्या. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट (घाणीतून होणारी विषारी द्रव्यं) शून्य दिसेपर्यंत प्राणी आणू नका. पीएच ७ ते ८, तापमान २० ते २६ अंश चांगलं. एप्रिल-मेमध्ये पाण्याच्या पृष्ठभागावर छोट्या पंख्याचा वारा सोडला की दोन-तीन अंश उतरतात. पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन घटतो, आणि टाकीबाहेर पळायचे प्रयत्न वाढतात. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदला. माशांच्या औषधात तांबं असेल तर ते या टाकीत थेंबभरही नको.

आरओचं पाणी वापरू नका, त्यात क्षार उरलेले नसतात. मुंबईचं पाणीही तसं मृदूच. बोअरचं जड पाणी एरवी मासे पाळणाऱ्यांना नकोसं होतं, इथे ते कामाचं.

कात. घरात बरेच क्रेफिश मरतात ते कात टाकताना. कवच वाढत नाही, म्हणून आतला प्राणी वाढला की जुनं कवच सोडावं लागतं. पिल्लं दर काही आठवड्यांनी कात टाकतात, मोठा झालेला वर्षातून मोजक्या वेळा. त्याआधी तो खाणं सोडतो आणि बिळात बसून राहतो. जुन्या कवचातलं काही कॅल्शियम जठराच्या भिंतीत दोन खड्यांच्या रूपात साठवतो आणि नव्या कवचासाठी वापरतो. बाकीचं पाण्यातून आणि अन्नातून मिळवतो. म्हणून पाण्यात समुद्रफेसाचा तुकडा टाकून ठेवा. काष्ठौषधीच्या दुकानात किंवा पक्ष्यांच्या खाद्याबरोबर तो मिळतो.

प्रत्यक्ष कात टाकताना तो कुशीवर किंवा पाठीवर पडतो, मेल्यासारखा दिसतो. हात लावू नका, हलवू नका. रिकामं कवचही काढू नका, तो ते खातो. पुढचे काही दिवस अंग मऊ असतं. तुटलेली नांगी पुढच्या कातींबरोबर पुन्हा वाढते, त्यामुळे एक नांगी लहान म्हणून दुकानातला चपळ प्राणी नाकारू नका.

खाणं. बुडणाऱ्या गोळ्या, उकडलेला मटार, पालक, काकडी. आठवड्यातून एकदा कोळंबीचा तुकडा. देशी बदामाची वाळलेली पानं धुऊन टाका, दिवसेंदिवस कुरतडत बसतो. रात्री खायला द्या आणि उरलेलं सकाळी काढा.

सोबत. एका टाकीत एकच ठेवा. दुसरा ठेवला तर जो आधी कात टाकेल तो दुसऱ्याचं जेवण होईल. तळाशी झोपणारे मासेही टिकत नाहीत. गप्पी वरवर पोहतात, तरी काही कमी होतीलच.

संगमरवरी नक्षीचा ‘मार्बल्ड’ क्रेफिश मात्र घेऊच नका. त्यात सगळ्या माद्याच असतात आणि नराशिवाय शेकडो अंडी देतात. १९९० च्या दशकात जर्मनीतल्या हौशी लोकांच्या टाक्यांत तो पहिल्यांदा दिसला. पुढे मादागास्करच्या भातखाचरांत पसरला. युरोपीय संघात आता तो पाळायलाही बंदी आहे.

कुठल्याही जातीचा क्रेफिश नको झाला तर दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. ओढ्यात, तळ्यात, विहिरीत सोडू नका: अमेरिकी क्रेफिश स्वतः धडधाकट राहून क्रेफिश प्लेगचे वाहक असू शकतात, आणि हा रोग काही गोड्या पाण्यातल्या खेकड्यांनाही लागतो. टाकीचं काढलेलं पाणी झाडांना घाला.