आखाजी झाली, आता मिरचीच्या वाफ्याकडे बघा

आखाजीचे, म्हणजे अक्षय तृतीयेचे, झोके उतरले आणि तापीकाठचं ऊन 44-45 अंशांवर जाऊन बसलं. या दिवसांत विहिरीजवळच्या दोन-चार गुंठ्यांच्या तुकड्याकडे कुणी फिरकत नाही. घरच्या मिरची-भाजीचं खरीप मात्र तिथे आत्ताच ठरतं. मिरची बोकडली म्हणून आपण पोळ्याच्या सुमारास कपाळाला हात लावतो, पण बहुतेक वेळा ती रोपात असतानाच बिघडलेली असते.

तीन वर्षांपूर्वी मी स्वतः हेच केलं. वाफा टाकायचा कंटाळा, म्हणून तयार रोपं आणली, तीही हाताने मोजून घेतली, पानं मात्र उलटून पाहिली नाहीत. बांधावरचा म्हातारा म्हणाला होता, "कसाले घाई करस रे भो?" पोळ्यापर्यंत निम्मी झाडं चुरडामुरड्याने, म्हणजे पानं वळून आखडवणाऱ्या रोगाने, आखडली. तेव्हापासून रोप घरचंच.

वाफ्याची जागा निवडताना मागच्या वर्षी तिथे वांगी, टोमॅटो, बटाटा किंवा मिरची नव्हती ना, एवढं बघा. कांदा-लसूण निघालेली जागा चांगली. आपल्या काळ्या जमिनीत पाणी तुंबतं, म्हणून सपाट वाफा नको. 1 मीटर रुंद, 3 मीटर लांब आणि 15 सेंटीमीटर उंच गादीवाफा करा. शेणखत पूर्ण कुजलेलंच घाला, अर्धवट कुजलेल्या खताबरोबर मुळं खाणारी हुमणी अळी फुकट येते. मग वाफा चांगला भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणा आणि चारही कडा मातीत दाबा. काळं प्लास्टिक चालत नाही, त्याखाली माती तेवढी तापत नाही. तीन-चार आठवडे असं झाकून ठेवलं की तणाचं बी आणि रोपं कोलमडवणारी बुरशी बऱ्यापैकी भाजून निघते. वर्षभर ज्या उन्हाला शिव्या देतो ते एवढ्या कामाला तरी येऊ द्या.

मृगाच्या सुमारास प्लास्टिक काढा आणि माती खोल न उकरता बी टाका. उकरलं तर खालचं न तापलेलं तणाचं बी वर येतं. ठेच्यासाठी मला घोसाने लागणारी फुले ज्योती आवडते, लांब सुरकुतलेली हवी असेल तर पुसा ज्वाला. संकरित वाणाचं बी घरी धरू नका, पुढच्या वर्षी काय निघेल याचा भरवसा नाही. बियाला ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी चोळा, किलोला 5 ग्रॅम हे प्रमाण आहे, आपल्या पुडीला चिमूटभर पुरे. दोन ओळींत 10 सेंटीमीटर अंतर, बी अर्धा इंच खोल, वरून गवताचं पातळ आच्छादन. कोंब दिसले की त्याच दिवशी गवत काढा.

60 बाय 45 सेंटीमीटरवर एका गुंठ्यात साधारण 370 रोपं बसतात. घरच्या खाण्याला 40-50 झाडं पुरतात, बाकीची बाजारासाठी असतील तरच लावा.

पाणी झारीने, सकाळी. संध्याकाळी दिलेलं पाणी रात्रभर खोडाशी राहतं. मग सकाळी दिसतं ते असं: रोप आडवं पडलेलं, पानं अजून हिरवीगार, पण मातीलगतचा भाग सुतासारखा बारीक. एका कोपऱ्यात हे दिसलं की पाणी तोडा आणि 10 लिटर पाण्यात 25-30 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड मिसळून ते त्या कोपऱ्यासह आजूबाजूला मुळाशी ओता.

वाफ्यावर बांबूच्या कमानी रोवून 40 मेशची (इंचाला 40 भोकं) नायलॉन जाळी टाका. चुरडामुरड्याचा विषाणू पांढरी माशी आणते आणि एकदा शिरलेल्या विषाणूवर औषध नाही. दुकानदार काहीही म्हणो. फुलकिडे मात्र या जाळीतूनही घुसतात, म्हणून आत एक निळा आणि एक पिवळा चिकट सापळा टांगा.

पान वळलं की लगेच फवारा घेऊन धावू नका, आधी ते कुठे वळलंय ते बघा. कडा वर वळून होडी झाली असेल तर बहुधा फुलकिडे. शेंडा पांढऱ्या कागदावर झटका, पिवळसर बारीक किडे पळताना दिसतील. कडा खाली वळल्या, देठ लांबले आणि होडी पालथी झाली तर कोळी ही बारीक कीड. कोळ्याला साधं कीटकनाशक लागू पडत नाही, तिथे पाण्यात मिसळणारं गंधक लागतं, तेही भर उन्हात नको, पानं करपतात. सुरुवातीच्या फुलकिड्यांना निंबोळी अर्क पुरतो: लिटरला 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी, रात्रभर भिजवून फडक्याने गाळलेली. निंबोळ्या आता झाडाखाली पडायला लागतील, वेचून सावलीत वाळवून ठेवा.

रावेर-यावलकडच्यांना वेगळं सांगायला हवं. केळीच्या नव्या बागेत किंवा तिच्या बांधाला मिरची, वांगी, काकडी, गिलकी लावू नका. केळीवर हरण्या रोग आणणारा काकडी मोझॅक विषाणू या पिकांवर राहतो आणि मावा किडीबरोबर केळीवर जातो. चार किलो मिरचीसाठी शेजाऱ्याची बाग धोक्यात घालून बांधाचं भांडण ओढवून घेऊ नका.

भरताच्या वांग्याचं रोपही याच पद्धतीने, याच वेळी करा, म्हणजे थंडीत पऱ्हाट्यांवर भाजायला घरची वांगी मिळतील. लावणीनंतर मलूल झालेला शेंडा दिसला की अळीसकट कापून तुकड्याबाहेर नष्ट करा, हे दर आठवड्याला. भेंडी आणि गवार थेट टोकून टाका. गिलकी-दोडकी कुंपणावर सोडा, म्हणजे मिरचीवर सावली येत नाही.

मिरचीच्या तुकड्याला कडेने मक्याच्या दोन ओळी लावा, लावणीच्या तीन आठवडे आधी. आजूबाजूला कपाशी असतेच, तिच्यावर फवारणी झाली की पांढरी माशी उठून आपल्याकडे येते, तिला मका आडवा येतो.

रोप 35-40 दिवसांचं झालं की लावणी. त्याआधी पाच-सहा दिवस जाळी काढा आणि पाणी कमी करा. उपटण्यापूर्वी वाफा भिजवा, नाहीतर मुळ्या तुटतात. उंच, लवचिक, फिकट रोपं फेका, बुटकी आणि जाड खोडाची ठेवा. लावणी ऊन कलल्यावर, वरंब्याच्या बगलेला. पन्नासेक रोपं वाफ्यातच राहू द्या, आठ-दहा दिवसांनी नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागा, भरायला तीच लागतात.