जुन्या निधनवार्तांमधून घराण्याची माहिती कशी काढायची

घराण्याचा इतिहास शोधायचा म्हटलं की सगळे जन्मदाखल्याच्या मागे लागतात, पण त्यात फारतर आईवडील सापडतात, पेपरातल्या जुन्या निधनवार्तेत मात्र कधीकधी अख्खं गणगोत एका जागी मिळतं.

आधी नाव, अंदाजे साल आणि गाव लिहून घ्या. मग पेपर कुठे स्कॅन झालेत ते बघा. ऑस्ट्रेलियाचे ट्रोव्ह, न्यूझीलंडचे पेपर्स पास्ट आणि अमेरिकेचे क्रॉनिकलिंग अमेरिका या वेबसाइटवर, तिन्ही फुकट. नसेल तर लायब्ररीतली मायक्रोफिल्म, म्हणजे जुन्या पानांचे बारीक फोटो असलेली फिल्म.

पूर्ण नाव टाकून काही आलं नाही तर सोडून देऊ नका, जुनी छपाई कॉम्प्युटर धड वाचत नाही, इंग्रजीत 'आर' आणि 'एन' चिकटून आले की 'एम' समजतो, त्यामुळे आडनावासोबत गल्लीचं नाव टाकून बघा. बायकांचं तर स्वतःचं नावच बऱ्याचदा नसतं, नुसतं मिसेस आणि पुढे नवऱ्याचं नाव.

वार्ता सापडली की नीट वाचा. 'काल निधन' असेल तर पेपरच्या तारखेतून एक दिवस वजा करायचा, पण मजकूर दुसऱ्या पेपरातून उचललेला असेल तर हा हिशोब चुकतो. इंग्रजीत '७८ व्या वर्षात' लिहिलं असेल तर पूर्ण झालेली वर्षं ७७च.

खरा माल शेवटच्या ओळींत असतो. मागे कोण कोण आहे ती यादी, त्यात मुलींची सासरची आडनावं, भाऊ कुठल्या शहरात राहतो ते. जुन्या इंग्रजी वार्तांच्या खाली कधी 'अमुक ठिकाणच्या पेपरांनीही हे छापावं' अशी विनंती असते, म्हणजे तिथे नातलग असणार, लगेच तिथले पेपर काढा. यादीत एखादं नाव नसेल तर ती व्यक्ती आधीच गेली असेल किंवा घरात भांडण असेल, आपण फक्त नोंद करायची. पुढच्या आठवड्याचे अंक आणि वर्षानंतरची तीच तारीखही बघा, स्मृतिदिनाच्या जाहिरातीत नवीन नावं मिळतात.

वार्ता देणारा दुःखात असतो, जन्मगाव वगैरे ऐकीव सांगतो, त्यामुळे मृत्यूनोंद आणि दफनभूमीचं रजिस्टर यांच्याशी ताडून बघा. कात्रणाचा फोटो सेव्ह करताना पेपरचं नाव, तारीख, पान नंबर त्याच वेळी लिहा. आणि यादीतले जे अजून हयात आहेत त्यांची माहिती ऑनलाइन वंशावळीत टाकण्याआधी त्यांना विचारा.