पिनकोडचा नकाशा काढताय? या चुका टाळा

गोव्यात गणेश चवथीआधी नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, ऑर्डरी घेणाऱ्या एका ओळखीच्या काकी म्हणाल्या, "पिनकोड बघून भाग पाडून दे रे. पणजीकडचे सगळे एका फेरीत जाऊ देत." मी टपाल कार्यालयांचे बिंदू घेतले, ज्याच्या जवळ जी जमीन ती त्याची असा हिशेब संगणकाला करायला लावला आणि दहा मिनिटांत रंगीत नकाशा तयार! काकींच्या मुलाने तो पाहिला आणि हसतच सुटला. चोडणचा फेरीधक्का रायबंदरच्या रंगात गेला होता. सरळ रेषेत जवळच आहे ना! मध्ये मांडवी आहे आणि स्कूटर फेरीबोटीत चढवावी लागते, हे त्या गणिताच्या गावीही नव्हतं.

चुकीचं मूळ मात्र नदीत नाही. पिनकोड म्हणजे जमिनीचा तुकडा, असं आपण धरून चालतो. १५ ऑगस्ट १९७२ ला श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून ही पद्धत सुरू झाली ती पत्रांची छाटणी सोपी व्हावी म्हणून. ४०३ म्हणजे गोवा, पुढचे तीन आकडे पत्र वाटणाऱ्या कार्यालयाचे. पोस्टमनची फेरी जिथवर जाते तिथवर तो पिनकोड. एका वाड्याची अलीकडची घरं एकाकडे, पलीकडची दुसऱ्याकडे असू शकतात. म्हणून अंदाजाने रेषा मारत बसू नका. टपाल खात्याने पिनकोडच्या सीमांची फाइल सरकारी डेटा पोर्टलवर ठेवली आहे, आधी ती उतरवा. तीही ब्रह्मवाक्य नव्हे. ओळखीचे पाच-दहा पत्ते टाकून पडताळा.

दुसरी चूक टपाल कार्यालयांची यादी गाळताना होते. कार्यालयांच्या यादीत 'रीजन'च्या रकान्यात गोवा निवडलंत, तर कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी, सिंधुदुर्गही येऊन बसतात. टपाल खात्याचा गोवा विभाग तेवढा मोठा आहे. राज्याचा रकाना वापरा. त्याच यादीत पत्रं न वाटणारी कार्यालयंही असतात. त्यांना स्वतःचा भाग नसतो, ती आधी काढून टाका. शाखा कार्यालयांचा पिनकोड बहुधा वरच्या कार्यालयाचाच असतो, त्यामुळे एका आकड्यापुढे चार गावं दिसली तर यादी चुकली असं समजू नका.

आकडे शेजारी म्हणजे गावं शेजारी, हेही खरं नाही. ४०३१०१ बेती, बार्देशात, पणजीसमोर. ४०३१०३ शिरोडा, फोंडा तालुक्यात. मी एकदा सलग आकड्यांना एकाच रंगाच्या छटा दिल्या. नकाशा गोधडीसारखा झाला.

नावांवरून जोडणी तर करूच नका. शिरोडा वेंगुर्ल्यालाही आहे. शिवाय रोमन पाटीवरचं 'बिचोलिम' म्हणजे आपली डिचोली, 'सांकेलिम' म्हणजे साखळी, हे संगणकाला कोण सांगणार?

जिल्ह्याची बेरीज करताना जनगणनेचं वर्ष बघा. २०११ च्या तक्त्यांत फोंडा उत्तर गोव्यात आहे, आज तो दक्षिणेत. तालुका हलला तरी पिनकोड तोच राहतो, त्यामुळे जुनी बेरीज आणि नवा नकाशा जुळत नाहीत आणि चूक शोधताना दिवस जातो.

नेमकं घर हवं असेल तर २०२५ मध्ये आलेला टपाल खात्याचा डिजिपिन बघा: दहा अक्षर-आकड्यांचा कोड, साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाचा. पत्त्यावरचा पिनकोड मात्र त्यामुळे सुटत नाही.

काकींसाठी शेवटी मी रंग पुसूनच टाकले. प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक ठिपका ठेवला आणि यादीत एक रकाना वाढवला: 'फेरीबोट लागते का?'