कॉलेजच्या अंकात बातमी लिहिताय? या चुका टाळा

बरीच वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासण्यात काढल्यामुळे पत्रकारितेचे विद्यार्थी त्यांच्या अंकाचा डमी, म्हणजे छपाईआधीचा नमुना, तपासायला माझ्याकडे आणतात. गेल्या ऑक्टोबरच्या डमीत पहिल्या पानाची मुख्य बातमी अशी होती :

‘वाचन प्रेरणा दिनानिमित्त महाविद्यालयात मा. प्राचार्यांच्या अध्यक्षतेखाली आयोजित कार्यक्रम मोठ्या उत्साहात संपन्न झाला. प्रारंभी मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलन करण्यात आले.’

१५ ऑक्टोबरला हा दिवस राज्यभर होतो. कार्यक्रम झाला यात बातमी काय? झाला नसता तर एक वेळ बातमी झाली असती. पण खाली सहाव्या परिच्छेदात, आभारप्रदर्शनाला चिकटून, एक वाक्य पडलेलं होतं : परीक्षेच्या काळात अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघडी राहील, असं ग्रंथपालांनी सांगितलं. बातमी तिथे होती. उशिरापर्यंत म्हणजे किती? सध्या कधी बंद होते? बातमी लिहिणाऱ्या मुलीला माहीत नव्हतं. ती ग्रंथालयात जाऊन आली आणि इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवात, असा झाला :

‘परीक्षा संपेपर्यंत ग्रंथालयाची अभ्यासिका रात्री १० वाजेपर्यंत खुली राहणार आहे. सध्या ती सायंकाळी ६ वाजता बंद होते.’

दीपप्रज्वलन उडालं, त्याबद्दल कुणीही तक्रार केली नाही. ‘संपन्न’, ‘मान्यवर’, ‘उपस्थितांची मने जिंकली’ हे प्रेसनोटचं मराठी कात्रीने कापता येतं. दहाचा आणि सहाचा आकडा मात्र डेस्कवर बसून मिळाला नसता. विद्यार्थ्यांच्या अंकातल्या बहुतेक चुका मला याच जातीच्या दिसतात. लिहिता येत नाही असं नसतं, कुणी विचारलेलं नसतं.

ओळखीच्या माणसाला न विचारणं

कॅम्पसवर सगळेच ओळखीचे, आणि तीच अडचण. ‘देशपांडे सर’ रोज भेटतात, पण त्यांचं पूर्ण नाव? पद सहायक प्राध्यापक की सहयोगी? माझ्या उमेदवारीत मी एका कुळकर्णींना ‘कुलकर्णी’ करून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी ते कार्यालयात आले, अंक टेबलावर पसरला आणि एक शब्दही न बोलता त्या ‘ल’वर बोट ठेवलं. तेव्हापासून मी समोरच्याला माझ्या वहीत स्वतःच्या हाताने नाव लिहायला लावतो. कुणी रागावत नाही.

ओळखीचा दुसरा त्रास म्हणजे हितसंबंध. महोत्सवाच्या संयोजन समितीत असलेल्याने महोत्सवाची बातमी लिहू नये, हे सांगितलं की मुलं ‘मग लिहिणार कोण?’ असं विचारतात. समितीत नसलेला लिहील. माणसं कमीच असतील तर समितीतल्याने माहिती द्यावी आणि बायलाइन, म्हणजे बातमीवरचं नाव, दुसऱ्याची असावी.

‘३०० टक्के वाढ’

एका मुलाने आठ कॉलमी हेडिंग दिलं होतं : ‘ओळखपत्राच्या शुल्कात ३०० टक्के वाढ’. शुल्क १०० रुपयांचं ३०० झालं होतं. म्हणजे शुल्क तिप्पट झालं, वाढ २०० टक्के. निकालाचंही तसंच. ६० टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेलेला निकाल ‘६ टक्क्यांनी वाढला’ असं सर्रास छापतात. वाढ ६ टक्केबिंदूंची आहे, टक्क्यांत मोजली तर १० टक्के. खात्री नसेल तेव्हा दोन्ही आकडे सरळ द्या : आधी इतका, आता इतका.

आकडे कुणी देतच नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. सरकारी विद्यापीठं आणि अनुदानित महाविद्यालयं त्याच्या कक्षेत येतात. महाराष्ट्रात शुल्क १० रुपये, अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस असते. मासिक अंकासाठी ती गैरसोयीची नाही, फक्त अर्ज वर्षाच्या सुरुवातीला, जूनमध्येच टाकायला हवा. आणि तो ‘संपादक’ म्हणून नको, नागरिक म्हणून स्वतःच्या नावाने करा.

हाती आलेला कागद

‘परीक्षा पुढे ढकलली’ असं परिपत्रक ग्रुपवर फिरतं आणि कुणीतरी अंकाच्या पानावर ते उचलतं. जावक क्रमांक आहे का, तारीख कुठली, सहीखाली पद काय, हे पाहायला अर्धा मिनिट पुरतो. त्यानंतरही परीक्षा विभागाच्या खिडकीवर जाऊन विचारायचंच.

ही चूक नवख्यांचीच असते असं नाही. १८८२ साली ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध काही पत्रं छापली. ती बनावट निघाली. अब्रुनुकसानीच्या त्या खटल्यात आगरकर आणि टिळक यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. पंचविशीतले संपादक होते दोघे, हेतू चांगला होता, पण कागद खोटा होता.

दुसरी बाजूही अशीच राहून जाते. रात्री दहाला एक फोन लावायचा, उचलला नाही की ‘प्रतिक्रिया मिळू शकली नाही’ असं लिहून मोकळं व्हायचं. ज्यांच्याविरुद्ध बातमी आहे त्यांना नेमका आरोप लिहून पाठवा आणि उत्तराला दिवसभराचा तरी अवधी द्या.

कॉलेजचं नावच ओळख सांगतं तेव्हा

ही एक गोष्ट मोठ्या वर्तमानपत्रापेक्षा तुमच्या अंकाला जास्त अडचणीची आहे. त्याच आवारातले अकरावी-बारावीचे बहुतेक विद्यार्थी १८ वर्षांखालचे असतात. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पोक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाच्या कायद्याचं कलम २३ पीडित मुलाचं नाव, पत्ता आणि छायाचित्र तर नाहीच, शाळा आणि परिसरही उघड करू देत नाही. ‘आपल्या महाविद्यालयातील एका विद्यार्थिनीने’ असं लिहिलंत की संस्था कळलीच. अंकाच्या पहिल्या पानावर, माथ्याशीच संस्थेचं नाव छापलेलं असतं. अशी बातमी मार्गदर्शक प्राध्यापक आणि वकिलाला दाखवल्याशिवाय पानावर लावू नका.

पान लावताना

इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये वेलांट्या सरकल्या, जोडाक्षरं फुटली, तर फॉन्टला शिव्या देण्याआधी परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला असेल तर रफार आणि अर्धी अक्षरं डोळ्यांनी वाचूनच तपासा. फोटो व्हॉट्सॲपवरून ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, नाहीतर छपाईत चेहरे धुरकट येतात. ‘डावीकडून’ अशी फोटोओळ लिहिताना फोटो समोर हवा. आठवणीतून लिहिलेल्या डावीकडूनने माझ्या एका सहकाऱ्याच्या हातून वरातीतला नवरदेव बदलला होता.

चूक छापून गेली तर

गुपचूप पुढे जाऊ नका. ‘तांत्रिक कारणाने’ असंही लिहू नका, आकडा तंत्राने चुकलेला नसतो. ते ‘३०० टक्के’ माझ्या नजरेतून सुटून छापून आलंच. त्या मुलाने पुढच्या अंकात, त्याच पानावर, तीन ओळी दिल्या : काय छापलं होतं, बरोबर काय आहे, दिलगीर आहोत. अंक आला त्या दिवशी लेखा विभागातल्या कारकुनांनी त्याला खिडकीशी थांबवलं. हा पोरगा आता ओरडा खाणार, असं वाटून मी लांबूनच पाहत होतो. त्यांनी आतून शुल्काचा नवा तक्ता आणला, काचेखालून सरकवला आणि म्हणाले, ‘या वेळी लिहायच्या आधी विचार रे बाबा.’