बुडवलेल्या जहाजावर डायव्हिंग करताना या चुका टाळा

मालवणला इन्स्ट्रक्टरचा हात धरून ट्राय डाइव्ह केली की पुढचं स्वप्न पडतं ते जहाज बघायचं. माझंही तेच झालं. पण मासे वस्तीला यावेत म्हणून मुद्दाम बुडवलेलं जहाज म्हणजे उथळ पाण्यातला खडक नव्हे.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या ‘की लार्गो’ बेटाजवळचं ‘स्पीगल ग्रोव्ह’ घ्या. 510 फूट लांबीचं हे नौदलाचं जहाज 2002 साली वेळेआधीच बुडू लागलं आणि उलटं झालं. मग ते कुशीवर आणलं. 2005 मध्ये डेनिस वादळाच्या सुमारास ते सरळ उभं राहिलं! पाण्याचा जोर एवढा असतो, म्हणून पहिली चूक टाळा: तिथे उडी मारून थेट खाली सुटू नका. बोयाचा (जहाजाला बांधलेल्या तरंगत्या खुणेचा) दोर धरूनच उतरा, त्याच दोराने वर या. हात सुटला तर प्रवाह जहाजापासून लांब नेतो.

दुसरी चूक हवेच्या हिशोबाची. वरचे डेक 18 मीटरच्या आसपास आहेत, तळाची वाळू सुमारे 40 वर. 30 मीटरवर दाब चौपट, म्हणजे हवाही चौपट वेगाने संपते. त्यात नायट्रोजनची गुंगी चढू शकते. हवेचं गेज बघूनही आकडा डोक्यात शिरत नाही. टाकीत 32 टक्के नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन असलेली हवा) भरलं असेल तर साधारण 33 मीटरच्या खाली जाऊच नका, ऑक्सिजन विषारी ठरू शकतो.

सगळ्यात मोठी चूक मात्र दाराशी होते. दार उघडं असतं, आत माशांचा थवा चमकतो, ‘जरा डोकावून येऊ’ वाटतं. पायातल्या फिनचा एक फटका बसला की गाळ उठतो. तुम्ही सोडलेले बुडबुडे छताला लागून गंजाची पूड झडते. टॉर्चचा उजेड धुक्यातल्या हेडलाइटसारखा डोळ्यांवर परत येतो आणि मागचं दार दिसेनासं होतं. 2007 मध्ये याच जहाजाच्या आत गेलेले तिघे डायव्हर दगावले. रेक डाइव्हिंगचं (बुडालेल्या जहाजांवरच्या डायव्हिंगचं) प्रशिक्षण, परतीची वाट दाखवायला बाहेर बांधलेली दोरीची रीळ आणि दोन टॉर्च नसतील तर बाहेरूनच बघा. बाहेरही पाहायला खूप आहे.

सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ ‘गुलदार’ हे नौदलाचं निवृत्त जहाज बुडवायची योजना ऐकून आपल्याकडचे अनेकजण आतुर आहेत. त्यांनी आधी ओपन वॉटर हा डायव्हिंगचा पहिला कोर्स, मग ॲडव्हान्स्ड कोर्स करावा, आणि गाळ न उडवता फिन मारायची सवय उथळ पाण्यातच लावून घ्यावी.